शब्द लांब असो की गावठी, काम अडता कामा नये

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे भाषेवरून जी जुगलबंदी रंगली आहे, ती मी आवडीने वाचतो आहे. एका वाचकाने शासकीय परिपत्रकांतील लांबलचक शब्दांची यथेच्छ थट्टा केली. त्यांना उत्तर देताना दुसऱ्या वाचकाने आजच्या पोरांच्या तोंडची टपोरी भाषा आणि आपल्या वऱ्हाडातील ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ या दोहोंवर एकाच दमात कोरडे ओढले. तिसऱ्याने दोघांनाही थांबवून ‘साधे बोला’ एवढाच सल्ला दिला. या तिघांशी मी काही अंशी सहमत आहे आणि काही अंशी नाही. आणि ज्या कामावर माझे पोट चालते त्या कामामुळे या विषयात मला थोडे बोलण्याचा अधिकार आहे असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी तालुक्याच्या तहसील कचेरीच्या आवारात बसणारा अर्जनवीस आहे. समोर बसलेल्या माणसाची हकीकत वऱ्हाडीत ऐकायची, ती कचेरीला चालेल अशा मराठीत कागदावर उतरवायची, आणि कचेरीचे उत्तर आले की ते पुन्हा वऱ्हाडीत त्या माणसाला समजावून द्यायचे, हा माझा नित्याचा उद्योग. त्यामुळे लांब शब्दही माझ्या रोजच्या हाताखालचे आहेत आणि गावठी शब्दही. माझे म्हणणे एवढेच आहे की शब्द लांब की आखूड, संस्कृतातून आला की फारसीतून, पुस्तकातला की पानठेल्यावरचा, यावरून त्याची पारख करणे व्यर्थ आहे. ज्या माणसाचे काम त्या शब्दावर अडलेले असते, त्याला तो शब्द वाचून किंवा ऐकून आता आपण काय करायचे हे कळले पाहिजे. ते कळत असेल तर दहा अक्षरी शब्दही चालेल, आणि कळत नसेल तर दोन अक्षरी शब्दही कुचकामी आहे.

थट्टेच्या बाजूने मी प्रथम बोलतो, कारण आमच्या भागात शब्दांची खरी परीक्षा थट्टेतच होते. कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली कामासाठी आलेले लोक तासन्‌तास बसलेले असतात. गेल्या खरिपात तेथे एक तरुण कृषी सहायक काही कास्तकारांना कपाशीवरील गुलाबी बोंडअळीबद्दल सांगत होते. त्यांनी ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ असा शब्द उच्चारताच एक वयस्कर कास्तकार म्हणाले, ‘‘सायेब, एवढं लंबं नाव घेता घेता थे अयी बोंडात घुसून बसते नं!’’ सगळे हसले, आणि ते तरुण अधिकारीही मनापासून हसले. त्यांनी विचारले, ‘‘मग काका, तुम्हीच सांगा, मी काय म्हणू?’’ क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, ‘‘पाहून फवारजो, असं म्हना.’’

हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. आधी कपाशीत जाऊन पाहावे, अळी खरोखर किती आहे ते मोजावे आणि गरज असेल तरच फवारावे, हे सगळे त्या दोन शब्दांत आले. त्या अधिकाऱ्यांनीही शब्द पकडून पुढचे सांगणे त्याच चालीवर नेले: सापळ्यात रोज रात्री आठ पतंग सलग तीन दिवस सापडले तर समजायचे की आता हात बांधून बसता येणार नाही, त्याच्या आत असेल तर पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवायचे. कागदावर यालाच ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात. फवाऱ्याला लागणाऱ्या पैशापेक्षा अळी जास्त खाऊ लागली की ती पातळी ओलांडली, असे सांगितल्यावर एकाही माणसाला पुन्हा विचारावे लागले नाही.

परंतु म्हणून ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ हा शब्द टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. ‘पाहून फवारजो’ यात त्याचा एक भाग येतो, सगळा येत नाही. लवकर येणारे वाण निवडणे, सापळे लावणे, मित्रकिडीचे ट्रायकोकार्ड लावणे, डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे त्याच उभ्या कपाशीचे पुढचे पीक, न घेणे, वेचणी आटोपल्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, शेतात उभ्या न ठेवणे, जिनिंगच्या आवारातले पतंग मारणे, हे सगळे मिळून तो शब्द होतो. एवढ्या गोष्टी एका नावाखाली बांधायला अधिकाऱ्याला अहवालात तो शब्द लागतो, विद्यार्थ्याला परीक्षेत लागतो. शेतात मात्र त्याचे तुकडे करून, एकेका कामाच्या नावाने तो सांगितला पाहिजे. फरदडीचे उदाहरण पाहा. ‘फरदड घेऊ नका’ ही सूचना भिंतीवर लिहिलेली असो की गाडीवरच्या भोंग्यातून आलेली असो, तिचा अर्थ विचारायला माझ्याकडे कधी कोणी आले नाही. ती पाळायची की नाही यावर लोक भांडतात, कारण चार पैसे सुटतात; पण ती कळली नाही असे कोणी म्हणत नाही.

त्याच बोंडअळीच्या निमित्ताने दोन शब्द मी जवळून पाहिले. एक ‘डोमकळी’. कपाशीचे फूल उमलण्याऐवजी पाकळ्यांना पीळ पडून मिटलेलेच राहते आणि ते उकलून पाहिले तर आत बारीक अळी बसलेली असते, अशा कळीला हे नाव आहे. ज्याने ती एकदा हातात घेऊन उकलली त्याला हा शब्द पुन्हा समजावावा लागत नाही. दुसरा ‘कामगंध सापळा’. मादी पतंगाचा गंध असलेली गोळी आत टांगून नर पतंगाला फसवणारे हे साधन आले, तेव्हा त्याच्या नावावरून पोरांनी बरीच टवाळी केली. पण सापळा शेतात काठीला लटकलेला दिसत होता, सकाळी त्यातले पतंग मोजायचे होते, आणि नावातच त्याचे काम सांगितलेले होते. टवाळी ओसरली आणि शब्द राहिला. हा शब्द विद्वानांनी घडवलेला आणि संस्कृत वळणाचा आहे, तरी तो टिकला. लांब शब्द मुळात वाईट, असे म्हणणाऱ्या वाचकांनी याचा विचार करावा. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी चालवले तेव्हा त्यांनाही हसणारे होतेच. आज ते शब्द कोणी घडवले होते याची आठवणही बोलणाऱ्याला नसते.

आता जेथे थट्टा पुरत नाही, अशी गोष्ट सांगतो. पीकविम्याच्या योजनेत गेल्या काही हंगामांत असा नियम होता की अतिवृष्टीने किंवा पाणी साचून नुकसान झाले तर शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत कळवावे. हा नियम भिंतीवरच्या पत्रकांत आणि दवंडीतही ‘नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत द्यावी’ अशा शब्दांत येत असे. आमच्याच तालुक्यातील एका कास्तकार बाईंचे सोयाबीन दोन दिवस पाण्याखाली होते. त्या चांगल्या लिहितावाचता येणाऱ्या आहेत; त्यांनी ते पत्रक स्वतः वाचले होते. मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा बोलता बोलता हा विषय निघाला, आणि कळवले का असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘पूर्वसूचना म्हणजे आंधी देयाची असते नं भाऊ. आता तं पानी येऊन गेलं, आता काय देऊ?’’ तोवर मुदत उलटून गेली होती.

त्या बाईंचे मराठी चुकले असे कोणी म्हणू शकेल काय? घटनेच्या आधी दिलेली ती पूर्वसूचना, हाच त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. पाहणीच्या आधी दिलेली सूचना, असा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात असेल. तो वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता. हा शब्द फार लांब नाही, अवघड नाही, त्यात एकही जोडाक्षर असे नाही की जीभ अडखळावी. त्याने घात केला तो अर्थाच्या चुकीच्या दिशेमुळे. ‘नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवा’ एवढे लिहिले असते, तर त्यात कोणाच्याही विद्वत्तेला बाधा येत नव्हती. अशी हानी सोसलेली माणसे मी माझ्या चटईवर बसलेली पाहिली आहेत, म्हणून या विषयाला मी नुसत्या भाषेच्या आवडीनिवडीचा विषय मानत नाही.

याच प्रकारचा दुसरा शब्द ‘सानुग्रह अनुदान’. शेतात वीज पडून, साप चावून किंवा अपघातात शेतकरी गेला तर कुटुंबाला दोन लाख रुपये देणारी जी शासकीय योजना आहे, तिच्या नावातच तो आहे. घरधनी गेल्यावर ज्या बाईला अर्ज करायचा असतो तिला ‘अपघात’ हा शब्द पुरेसा कळतो. त्यापुढच्या शब्दापाशी ती थबकते आणि हे आपल्यासाठीच आहे का, असे विचारते. योजनेचे नाव बदलावे अशी माझी मागणी नाही. त्या नावाखाली एक ओळ साध्या मराठीत हवी, एवढेच.

कचेरीची भाषा म्हटली की ती कठीणच, असा जो समज आहे तोही मला मान्य नाही. माझ्या समोर बसणारा निरक्षर म्हातारा ‘सातबारा’, ‘फेरफार’, ‘आठ-अ’, ‘पंचनामा’, ‘गहाणखत’, ‘आणेवारी’ हे शब्द ज्या सहजतेने वापरतो, त्या सहजतेने शहरातला पदवीधर वापरू शकणार नाही. यांतले ‘नामा’, ‘खत’ यांसारखे तुकडे फारसीतून आलेले आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; त्यातले काही रुजले, पण जमीन-महसुलातले पुष्कळसे जुने शब्द जागचे हलले नाहीत, कारण माणसाचे वावर, म्हणजे शेत, त्या शब्दांशी बांधलेले होते. ‘बोजा’ हा शब्द घ्या. बँकेचे पीककर्ज सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदले की ‘बोजा चढला’, फेडून नोंद कमी झाली की ‘बोजा उतरला’. कायद्याच्या दृष्टीने तो बिनचूक आहे आणि कर्ज असलेल्या माणसाच्या मनाचीही त्यात बरोबर नोंद होते. कचेरीने असे आणखी शब्द वापरले तर माझ्या धंद्यात घट होईल, आणि ती घट मला आनंदाने चालेल.

विदर्भापुरता आणखी एक मुद्दा आहे. आपला हा प्रदेश १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे आपल्या जमिनीच्या कागदांवर दोन राज्यांच्या भाषेचे थर आहेत. जुन्या कागदावरचा ‘भूमिस्वामी’ १९६६ च्या जमीन महसूल संहितेनंतर ‘भोगवटादार वर्ग १’ झाला आणि ‘भूमिधारी’ हा ‘भोगवटादार वर्ग २’ झाला. आजोबाच्या कागदावर एक शब्द आणि नातवाच्या सातबाऱ्यावर दुसरा, यावरून भावाभावांत संशय निर्माण झालेला मी पाहिला आहे. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे एक वाक्य त्या शब्दाशेजारी छापले असते तर कित्येक इसारपावत्या वाया गेल्या नसत्या. गावच्या महसूल कर्मचाऱ्याला आपण पटवारी म्हणत होतो. पश्चिमेकडून ‘तलाठी’ आला. आता त्यांचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे. पदाचा मान वाढला याचा मला आनंद आहे, आणि पाटीवर नवे नाव असावे हेही योग्यच. पण माझ्याकडे येणारा माणूस अजूनही ‘पटवाऱ्याले भेटाचं हाय’ असेच म्हणतो, आणि त्याला तेथून कोणी ‘असे अधिकारी येथे नाहीत’ म्हणून परत पाठवू नये.

साध्या मराठीची मागणी ही आजकालची, शिक्षणाचा कंटाळा आलेल्या लोकांची मागणी आहे, असा सूर एका पत्रात होता. त्या वाचकांनी आपल्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरची आठवण ठेवावी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते येथे, आणि मराठीत. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मानस व्यक्त केला तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण तसे केल्याने स्वामींचा सामान्य परिवार नागवला जाईल, वंचित होईल, अशी त्यांची काळजी होती. नागदेवाचार्यांना संस्कृताचा द्वेष नव्हता. ऐकणारा कोण आहे आणि त्याच्या हाती काय पडते, एवढेच त्यांनी पाहिले. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात म्हणजे सामान्य माणसाला न कळणारी, असा अर्थ विदर्भातून तरी कोणी काढू नये.

गाडगेबाबांचेही नाव येथे घेतले पाहिजे. शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने वऱ्हाडी बोलीत कीर्तन केले आणि त्याची रीत अशी होती की तो स्वतः फार सांगत नसे, लोकांनाच विचारत असे. देव कोठे आहे, कर्ज काढून सण करावा काय, बोकड कापून देव पावतो काय, असे प्रश्न तो टाकी आणि उत्तर समोरच्या हजारो लोकांच्या तोंडून येई. लोकांनी उत्तर दिले म्हणजे प्रश्न त्यांना कळला होता, हे तेथल्या तेथे सिद्ध होई. आपल्या कृषी मेळाव्यांत आणि ग्रामसभांत ही रीत का उरली नाही, याचे मला वाईट वाटते. माईकवरून तास-दीड तास माहिती दिली जाते, शेवटी ‘काही शंका?’ असे विचारले जाते, कोणी बोलत नाही, आणि सर्वांना समजले अशी नोंद होते.

आता तरुणांच्या भाषेबद्दल. आमच्या गावच्या पानठेल्यावर पोरे एकमेकांना ‘अबे’, ‘भैताड’ म्हणतात, अर्धे शब्द हिंदीतले आणि अर्धे मोबाइलमधले वापरतात, हे खरे आहे. पण तीच पोरे घरी आजीशी शुद्ध वऱ्हाडीत बोलतात, स्पर्धा परीक्षेचा निबंध प्रमाण मराठीत लिहितात आणि नागपूरला गेली की तिसरीच भाषा बोलतात. चार ठिकाणी चार रीतींनी बोलता येणे हे भाषा बिघडल्याचे लक्षण कसे, हे मला उमगत नाही. शिवाय पिढ्यांमधली थट्टा दोन्ही बाजूंनी चालते. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढे वाटणाऱ्या एका मुलाला शेजारच्या आजोबांनी विचारले, ‘‘पोट्ट्या, तू पास झाला थे बरं झालं, पन वखराची पास कोठी असते, हे माहीत हाय का तुले?’’ वखराच्या खाली माती कापत जाणारे लोखंडी पाते, त्याला पास म्हणतात, हे त्या मुलाला सांगता आले नाही. तोही काही कमी नव्हता. त्याने उलट विचारले, ‘‘आजोबा, ओटीपी म्हंजे काय, सांगा बरं.’’ आजोबा म्हणाले, ‘‘थे आकडे, जे कोनालेच सांगाचे नसते!’’ बँकांच्या जाहिरातींतून एवढी नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. ती त्यांच्या नातवाने त्यांना शिकवली होती, आणि वखराची पास त्या दिवशी त्या मुलाला कळली.

अशी थट्टा बरोबरीच्या नात्याने होते तोपर्यंत ती भाषेला पोसते. वरून खाली झाली की मात्र तिचे विष होते. ‘मले, तुले’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात उभे करून हसणे, ‘डोया’ म्हटल्यावर ‘डोळा म्हण’ असे चारचौघांत दटावणे, याने ते मूल ‘ळ’ शिकत नाही. ते बोलायचे बंद करते. ‘मले’ हा वऱ्हाडीचा नियम आहे आणि ‘मला’ हा प्रमाण मराठीचा नियम आहे, आणि दोन्ही आपलेच आहेत, असे सांगणारे शिक्षक मला लाभले म्हणून आज मी हे पत्र या भाषेत लिहू शकतो. ‘करून राहिलो’ची टिंगल करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की काम या घडीला चालू आहे हे त्या रूपात किती स्पष्ट होते, ते त्यांनी एकदा तपासून पाहावे.

एवढे सगळे बोलीच्या बाजूने बोलल्यावर, ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली ती सांगतो. आपल्या बोलीतला एक शब्द असा आहे की जो छोटा आहे, सोपा आहे, घरोघरचा आहे, आणि त्याच्याइतका धोकादायक शब्द मला दुसरा माहीत नाही. तो शब्द ‘औषध’. कपाशीवर फवारायच्या विषाला आपण औषध म्हणतो. ‘औषध आनलं काय’, ‘औषध मारून राहिलो’, ‘औषधाचा वास येते’ असे आपण दिवसभर बोलतो. ज्याला औषध म्हटले त्याचा डबा घरात धान्याच्या कोठीजवळ ठेवायला मन कचरत नाही, ते काठीने ढवळण्याऐवजी हाताने ढवळले जाते, फवारणी झाल्यावर त्याच हाताने भाकर खाल्ली जाते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपल्या वाचकांना आठवत असेल. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवाऱ्याचा तुषार तोंडावर उडत होता, उकाड्यात अंगावर कपडे ठेवणे कठीण होते, दोन-तीन रसायने एकत्र मिसळली जात होती. फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यांत भरती झाले. त्या सगळ्याला एक शब्द कारण झाला असे मी म्हणणार नाही. हातमोजे-मुखवटे नसणे, निकृष्ट पंप, मिश्रणे विकणारे, देखरेखीचा अभाव, अशी कारणे पुष्कळ होती. पण मजुराच्या पाठीवर जे चढवले ते ‘औषध’ म्हणून चढवले, हेही खरे आहे.

डब्यावर सूचना असतात, हे मला ठाऊक आहे. त्या मुंगीएवढ्या अक्षरांत असतात आणि ‘प्रत्यौषध’, ‘श्वसनावरोध’, ‘त्वचेशी संपर्क टाळावा’ अशा शब्दांत असतात. सगळ्या डब्यावर मजुराच्या कामाची म्हणावी अशी एकच खूण असते, ती म्हणजे रंगीत त्रिकोण. लाल सर्वांत जहरी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी जहरी. ती खूण कोणीही वाचू शकतो, फक्त कोणी तरी एकदा सांगितली पाहिजे. आमच्याकडे हिरव्या त्रिकोणाचा अर्थ ‘काही होत नाही’ असा घेणारे पुष्कळ आहेत. तो अर्थ चूक आहे, तेही विषच आहे. येथे साध्या बोलीचा कैवार घेणारे आणि प्रमाण मराठीचा कैवार घेणारे, दोघांनीही एकत्र येऊन एक शब्द बदलला पाहिजे. ‘कीटकनाशक’ जड वाटत असेल तर ‘जहर’ म्हणा, तो शब्द आपल्या बोलीत आहेच, आणि तो ऐकल्यावर हात आपोआप आखडतो.

म्हणून आपल्या दैनिकाकडे माझ्या काही विनंत्या आहेत. खरिपाच्या तोंडावर आपण जो कृषी सल्ला छापता, त्यात फवारणीच्या द्रव्याला औषध म्हणू नये. कीटकनाशक म्हणावे, आणि पहिल्यांदा उल्लेख येईल तेथे ते जहर आहे असे लिहावे. त्या सल्ल्याचे पहिले वाक्य काय करायचे ते सांगणारे असावे, आणि विद्यापीठातला शब्द त्याच्या मागून यावा. तोही अवश्य यावा, कारण कृषी केंद्रात गेल्यावर माणसाला तोच विचारावा लागतो. त्रिकोणाच्या चार रंगांचा अर्थ जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला, कात्रण काढून गोठ्याच्या दारावर चिकटवता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापावा. शासनाच्या ज्या सूचनांत मुदत असते, त्या छापताना मुदत कशापासून मोजायची हे आपल्या उपसंपादकांनी एका ओळीत स्पष्ट करावे, मूळ पत्रकात ते नसले तरी. आणि वाचकपत्रांतली ही शब्दांची थट्टा बंद करू नये. तीत कास्तकारांना आणि शेतमजूर बायांना जागा द्यावी, आणि त्यांची पत्रे वऱ्हाडीत किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत आली तर ती प्रमाण मराठीत न फिरवता तशीच छापावीत.

कृषी सल्ल्याचा मजकूर छापण्यापूर्वी आपण तो मला पाठवल्यास आमच्या आवारात कामासाठी बसलेल्या लोकांना मी तो वाचून दाखवीन, आणि कोणत्या शब्दावर ते अडले, त्या जागी त्यांनी कोणता शब्द सुचवला, हे त्याच दिवशी आपल्याला लिहून कळवीन. यासाठी मला कोणताही मोबदला नको.

आपला विश्वासू,
एक अर्जनवीस,
ता. दर्यापूर, जि. अमरावती